जुना ‘शालिमार’ कसा ओळखावा: बाटली, खोकं आणि बारीक छपाई

जुन्या परफ्यूमची बाटली विकणारा प्रत्येकजण एक गोष्ट सांगतो. बाटली आजीची असते, आजी श्रीमंत असते आणि साल १९३० च्या आसपासचं असतं. ऐकायला पैसे पडत नाहीत, तेव्हा ऐका जरूर. भाव ठरवायची वेळ आली की मात्र गोष्ट बाजूला ठेवा आणि खोकं उलटं करून खालची बारीक अक्षरं वाचा. पोस्टाचा पिनकोड, बारकोड, एखादं चिमुकलं चिन्ह यांवरून जेवढं कळतं तेवढं आजीच्या गोष्टीवरून कधीच कळत नाही.

हा लेख गेर्लँ या फ्रेंच कंपनीच्या ‘शालिमार’ या परफ्यूमबद्दल आहे. पॅरिस, लंडन, न्यू जर्सी अशा ठिकाणी राहणाऱ्या आणि जुन्या बाजारात हिंडायची खोड असलेल्या मराठी माणसांना तो जास्त उपयोगी पडेल. पण पुण्यात बसून ऑनलाइन बोली लावणाऱ्यांनीही निदान पाचवी पायरी वाचावीच.

## १. सुरुवात एकाच परफ्यूमपासून करा

नवखा माणूस दिसेल ती जुनी बाटली उचलतो आणि कपाटात नुसती काच साठते. एक परफ्यूम धरा आणि त्याचे सगळे अवतार ओळखायला शिका. त्यासाठी शालिमार उत्तम, कारण तो १९२५ पासून आजपर्यंत विकला जातोय, अमेरिकेत तर भरपूर खपला, त्यामुळे जुना माल अजून सापडतो.

थोडी पार्श्वभूमी. गेर्लँ हे घराणं १८२८ मध्ये पॅरिसला सुरू झालं. शालिमार बनवला झाक गेर्लँ यांनी आणि तो गाजला १९२५ च्या पॅरिसमधल्या सजावटी कलांच्या प्रदर्शनात. बाटलीची रचना रेमों गेर्लँ यांची, ती घडवली बाकारा या काचकारखान्याने. घराण्यातली आवडती कथा अशी की, झाक यांनी १८८९ च्या ‘झिकी’ या परफ्यूममध्ये इथाइल व्हॅनिलिन (व्हॅनिलाच्या वासाचं कृत्रिम रसायन) ओतून पाहिलं आणि त्यातून शालिमार सुचला.

नावामागची कथा, म्हणजे शालिमार बागेतलं शहाजहान-मुमताजचं प्रेम, जाहिरातींतून शंभर वर्षं चाललीय. पण श्रीनगरची शालिमार बाग जहांगीरने लावली, आणि शहाजहानने लाहोरची बाग बांधायला घेतली तोवर मुमताजला जाऊन दहा वर्षं झाली होती. ती १६३१ मध्ये गेली, तीही आपल्या रावेरच्या पलीकडे बुऱ्हाणपूरला. कंपनीच स्वतः इतकी सैल गोष्ट सांगत असेल, तर विकणाऱ्याला काय बोलायचं!

## २. जवळ काय असावं

- दहापट मोठं दाखवणारं भिंग (सोनार वापरतात तसलं) आणि छोटा टॉर्च
- वास घेण्यासाठी कागदी पट्ट्या आणि एक ड्रॉपर
- पॅराफिल्म, म्हणजे प्रयोगशाळेत झाकणांवर ताणून लावतात ती मेणासारखी पट्टी
- सुती हातमोजे. काचेसाठी नाही, जुन्या खोक्याच्या कागदासाठी
- प्रत्येक बाटलीसाठी वहीचं एक पान: कुठे, कोणाकडून, कितीला, कोणत्या खुणा, तळाचा फोटो
- बिल किंवा पावती, आणि ऑनलाइन घेतलं असेल तर विक्रेत्याशी झालेल्या बोलण्याचे स्क्रीनशॉट

शेवटचे दोन मुद्दे लोक हसण्यावारी नेतात. पुढे बाटली विकायची झाली किंवा विमानतळावर कोणी विचारलं, तर हीच कागदपत्रं पुढे करावी लागतात.

## ३. आकार ओळखा, पण त्यावर विसंबू नका

शालिमार निरनिराळ्या बाटल्यांत आला. सगळ्यात प्रसिद्ध ती ‘शोव्ह-सूरी’, म्हणजे वटवाघूळ: पायावर उभी, रुंद अंगाची, वर पंख्याच्या आकाराचं निळं बूच. यात अर्क, म्हणजे सगळ्यात तीव्र ‘पार्फँ’, भरतात. तिशीच्या दशकात चपटी गोल ‘मोंत्र’ बाटली आली, ती ओ द कोलोनची, म्हणजे अर्काहून बऱ्याच हलक्या प्रकाराची. तीही अनेक दशकं टिकली. पन्नाशीत उंच, निमुळती ‘पाराप्लुई’ आली, मिटलेल्या छत्रीसारखी. ऐंशीच्या दशकापासून सोनेरी धातूच्या, रिफिल बदलायच्या डब्या दिसतात. २०१० मध्ये दागिन्यांच्या डिझायनर जेड जॅगर यांनी बाटलीला नवं रूप दिलं. फिकट निळं मोठं बूच आणि गुळगुळीत अंग असेल तर ती विंटेज नाही, कोणी काहीही म्हणो.

पाराप्लुईसारखा आकार निदान काळ थोडा आवळून देतो. वटवाघूळ काहीच आवळत नाही, कारण तो आकार १९२५ पासून आजतागायत चालू आहे. ‘शोव्ह-सूरी आहे, म्हणजे जुनीच’ हे वाक्य कानावर पडलं की समजा, एक तर समोरच्याला माहिती नाही किंवा तुम्हाला नाही असं त्याने धरलंय.

## ४. बाटलीचा तळ वाचा

बाटली आडवी करू नका, जुनं बूच गळतं. डोक्याच्या वर धरा, खालून टॉर्च मारा आणि भिंगातून तळ बघा.

बाकाराची खूण आम्लाने कोरलेली असते: गोल शिक्का, मध्ये सुरई, बाजूंना पेला आणि चषक. १९३६ पासून बाकाराने हा शिक्का सर्रास मारायला सुरुवात केली, त्याआधी बऱ्याच वस्तूंवर नुसतं कागदी लेबल असे. त्यामुळे शिक्का नाही म्हणून ‘बाकारा नाही’ असा निकाल लगेच देऊ नका. आणि शिक्का असलेली बाटली ‘१९२५ च्या प्रदर्शनातली’ म्हणून विकत असतील तर नमस्कार करून पुढे चला.

तळाला एच आणि पी ही अक्षरं एकमेकांत गुंतलेली दिसली, तर ती पोशे ए द्यु कुर्व्हाल या काचकारखान्याची खूण. क्रिस्ताल नान्सीचं नावही काही बाटल्यांवर सापडतं. या बाटल्या नकली नाहीत. गेर्लँसाठी अनेक कारखाने काम करत. पण बाकाराचा भाव मागून पोशेची बाटली खपवणं रोज चालतं.

आता बूच. घासून बसवलेलं काचेचं बूच त्या एकाच बाटलीसाठी घासलेलं असतं, म्हणून बाकाराच्या बाटलीवर आणि बुचाच्या दांड्यावर तोच आकडा बारीक कोरलेला सापडतो. आकडे जुळले नाहीत तर बूच दुसऱ्या बाटलीचं. असं बूच डगमगतं, त्यातून अल्कोहोल उडतं आणि भाव बराच उतरतो.

न उघडलेल्या बाटलीच्या मानेवर पातळ पडदा आणि त्यावर बारीक दोरा गुंडाळलेला असतो. हे काम गेर्लँमध्ये आजही हाताने होतं आणि ते करणाऱ्या बायकांना तिथे ‘दाम द ताब्ल’ म्हणतात. भिंगातून बघा: दोऱ्याचे फेरे सारखे आणि घट्ट असतात, मळ दोऱ्याच्या खाचांत बसलेला असतो. दोरा स्वच्छ आणि लेबल पिवळं, असं दिसलं की कोणीतरी अलीकडे हात मारलाय.

## ५. खोकं वाचा

ही पायरी घाईने उरकू नका. कंपनीला बाटली बदलायची घाई नसते, पण कायदा बदलला की छपाई बदलावीच लागते. म्हणून कायद्याने आणलेल्या खुणांच्या तारखा पक्क्या असतात. नियम एकच लक्षात ठेवा: खोक्यावरची सगळ्यात नवी खूण ज्या सालची, त्याच्या आधीचं ते खोकं असूच शकत नाही.

पत्ता. गेर्लँचं दुकान ६८, शाँझेलिझे इथे १९१४ पासून आहे, म्हणून हा पत्ता एकटा फार काही सांगत नाही. पत्त्यात पाच आकडी फ्रेंच पिनकोड असेल तर खोकं १९७२ नंतरचं. (आपला सहा आकडी पिनकोडही त्याच वर्षी, १५ ऑगस्टला आला, लक्षात ठेवायला सोपं.) अमेरिकेसाठी छापलेल्या खोक्यावर न्यूयॉर्कपुढे पाच आकडी झिप कोड असेल तर १९६३ नंतरचं.

घटकांची यादी. अमेरिकेत सौंदर्यप्रसाधनांवर घटक छापणं १९७७ च्या सुमारास सक्तीचं झालं, युरोपात १९९७ पासून. म्हणजे अमेरिकन खोक्यावर यादी असून माल १९८० चा असू शकतो. फ्रान्ससाठीच्या खोक्यावर यादी असेल तर तो बहुधा नव्वदीच्या उत्तरार्धातला किंवा पुढचा. खोकं कोणत्या देशासाठी छापलंय हे म्हणूनच आधी ठरवा.

लिमोनीन, लिनालूल, कूमारिन अशी लांबलचक नावं. ॲलर्जी आणू शकणारे २६ घटक वेगळे छापायचा युरोपीय नियम मार्च २००५ पासून लागू झाला. ही नावं दिसली की ‘विंटेज’ हा शब्द विसरा. त्याच वेळी झाकण उघडलेल्या बरणीचं छोटं चित्र आलं, ज्यात उघडल्यावर किती महिने वापरावं हे लिहिलेलं असतं.

हिरवा ठिपका. एकमेकांत फिरणारे दोन बाण असलेलं गोल चिन्ह जर्मनीत १९९०-९१ मध्ये आणि फ्रान्समध्ये १९९२ नंतर आलं. खोक्यावर ते काळं किंवा सोनेरीही छापलेलं असतं, रंग बघू नका, बाण बघा.

बारकोड. परफ्यूमच्या खोक्यांवर बारकोड ऐंशीच्या दशकात रुळले. दुकानदाराने नंतर चिकटवलेला बारकोडचा स्टिकर धरू नका, खोक्यावर छापलेला धरा.

मापाशेजारचं छोटं ‘ई’. मिलिलिटरच्या आकड्याशेजारी ठरावीक वळणाचं लहान ई हे युरोपातलं वजनमापाचं चिन्ह, सत्तरीच्या मध्यापासूनचं.

किमतीचा स्टिकर. हा खरा खजिना, आणि हौशी लोक तो नेमका खरवडून काढतात. फ्रान्समध्ये १९६० ला नवा फ्रँक आला आणि काही वर्षं किमतीपुढे ‘एनएफ’ लिहीत. असा स्टिकर म्हणजे साठीच्या सुरुवातीची हमीच. युरोची नाणी-नोटा २००२ ला आल्या.

हे सगळं एकत्र कसं वापरायचं? समजा फ्रान्ससाठीचं खोकं आहे. पत्त्यात पाच आकडी पिनकोड आहे, मापाशेजारी ई आहे, बारकोड नाही, हिरवा ठिपका नाही, घटकांची यादी नाही. पिनकोडमुळे १९७२ नंतरचं, ई मुळे सत्तरीच्या मध्यानंतरचं, बारकोड नसल्याने साधारण ऐंशीच्या मध्याआधीचं. दहाएक वर्षांचा पट्टा मिळाला, आणि प्रामाणिक माणूस एवढंच सांगू शकतो. ‘१९७८’ असं नेमकं साल सांगणाऱ्याकडे खरेदीची पावती मागा.

इथले तीन सापळे. पहिला: खूण *नसणं* हा कच्चा पुरावा, *असणं* हा पक्का, जुनी छापील खोकी संपेपर्यंत वापरली जात. दुसरा: खोकं आणि बाटली वेगवेगळ्या काळातली असू शकतात. विक्रेते छान खोकं एकीकडून, भरलेली बाटली दुसरीकडून आणून जोडी लावतात. बाटली खोक्यातल्या खाचेत नीट बसते का आणि आतल्या कागदावर तिच्या तळाचा ठसा उमटलाय का, हे बघा. तिसरा: इंटरनेटवर बॅच कोड (मालावर छापलेला उत्पादनाचा क्रमांक) टाकून साल काढून देणारी साधनं. ती चालू मालासाठी बनवलेली असतात. कोडमधला सालाचा आकडा एकच असेल तर तो दर दहा वर्षांनी परत येतो. साधन म्हणेल २०१६, बाटली असेल १९८६ ची.

## ६. आत काय आहे ते ठरवा

लेबलवर ‘पार्फँ द त्वालेत’ असेल तर आनंद माना. गेर्लँमध्ये हा प्रकार ऐंशीच्या दशकातला. १९९० च्या सुमारास त्याची जागा ओ द पार्फँने घेतली. म्हणजे लेबलच साल सांगून जातं. माझ्या मते नवख्याने पहिली बाटली हीच घ्यावी: अर्काहून स्वस्त, तरी दाट, आणि स्प्रे किंवा फिरकीच्या झाकणामुळे कमी उडालेली.

ओ द कोलोन सगळ्यात स्वस्त मिळतं, पण त्यातलं बर्गमॉट, म्हणजे एका लिंबूवर्गीय फळाच्या सालीचं तेल, लवकर मावळतं. जुने दाबाचे धातूचे स्प्रे टाळा. वायू निघून गेलेला असतो आणि आतला माल बाहेर काढता येत नाही.

‘एलव्हीएमएचच्या आधीचा’ असं बिरुद लावून भाव चढवतात. चैनीच्या वस्तूंच्या त्या फ्रेंच समूहाने १९९४ मध्ये गेर्लँ ताब्यात घेतलं हे खरं, पण त्या दिवशी बाटलीतला द्रव बदलला नाही. सूत्र बदलत गेलं ते मुख्यतः घटकांवरच्या निर्बंधांमुळे, आणि हळूहळू.

## ७. विक्रेत्याला काय विचाराल

पॅरिसमध्ये असाल तर शनिवार-रविवारी सकाळी व्हानव्हचा बाजार, आणि सोमवारीही चालणारा सँतुआँचा. व्हानव्हला लवकर पोचा, दुपारी जेवणाच्या वेळेपर्यंत टेबलं आवरायला लागतात. गावोगावच्या ‘व्हिद-ग्रनिए’ला, म्हणजे माळे रिकामे करायच्या बाजाराला, खरा स्वस्त माल मिळतो, कारण विकणाऱ्याला तो फक्त घराबाहेर काढायचा असतो.

ऑनलाइन घेताना या गोष्टी मागाच:

- खोक्याच्या सहाही बाजूंचे फोटो, तळाचा जवळून
- खिडकीसमोर धरलेल्या बाटलीचा फोटो, म्हणजे द्रवाची पातळी आणि रंग दिसेल
- बाटली सरळ आणि किंचित कलती, असे दोन फोटो. तळाशी गाळ आहे का ते कळतं
- ‘फाक्तीस’ आहे का, हा थेट प्रश्न

फाक्तीस म्हणजे दुकानाच्या काचेत मांडायची दिखाऊ बाटली, आत रंगीत पाणी. मोठ्या आकाराची, काठोकाठ भरलेली, स्वस्त शालिमार बहुतेक वेळा हीच असते. शोभेसाठी घ्यायला हरकत नाही, परफ्यूम म्हणून पैसे मोजू नका.

काठोकाठ भरलेल्या आणि दोरा नसलेल्या अर्काच्या बाटलीवरही संशय घ्या. पन्नास वर्षांत काचेच्या बुचातून थोडं तरी उडतंच. रिकामी शोव्ह-सूरी घेऊन त्यात स्वस्त कोलोन भरणारे कमी नाहीत. रंगावरून अंदाज येतो: व्हॅनिलिनमुळे जुना अर्क गडद होत कोऱ्या चहाच्या रंगाकडे जातो. फिकट पिवळा ‘पन्नाशीतला अर्क’ दिसला तर दाम नका लावू.

## ८. अडकलेलं बूच

पिरगाळू नका, सुरी घालू नका, गरम पाण्यात बुडवू नका, मान तडकते. बूच आणि मान यांच्या फटीत ड्रॉपरने अल्कोहोलचे दोन-तीन थेंब सोडा, बाटली सरळ ठेवून रात्रभर थांबा. सकाळी लाकडी चमच्याच्या दांड्याने बुचाच्या दोन्ही बाजूंना अगदी हलकं, आळीपाळीने टकटक करा. नाही निघालं तर परत थेंब, परत रात्र. बुचाचे पंख धरून जोर लावाल तर पंख हातात येतील.

## ९. वास घेताना

पहिल्या झुळकीवर निकाल देऊ नका. वरच्या थरातलं बर्गमॉट आधी बिघडतं, त्यामुळे सुरुवातीला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा झणका येतो. पट्टी बाजूला ठेवून अर्धा तास दुसरं काम करा. माल चांगला असेल तर मग व्हॅनिला, टोंका नावाचं सुगंधी बी, ओपोपोनॅक्स झाडाचा डिंक आणि खाली कातड्याची, किंचित जनावराची ऊब वर येते. जुन्या शालिमारसाठी लोक धडपडतात ते या खालच्या थरासाठी. अर्ध्या तासानंतरही खवट तेलाचा वास राहिला तर द्रव गेला, बाटली राहिली.

आणखी एक, हे आपल्याकडच्या उन्हात फार महत्त्वाचं. जुन्या परफ्यूममधल्या बर्गमॉट तेलात बर्गॅप्टिन असतं. ते लावलेल्या जागी ऊन लागलं की कातडीवर तपकिरी डाग पडतात आणि ते महिनोन् महिने जात नाहीत. पुढे हा घटक काढून टाकलेलं तेल वापरात आलं. जुना माल मानेवर लावून दुपारी बाहेर पडू नका. रात्री लावा किंवा रुमालाला लावा. रेशमी साडीला मात्र नको, गडद अर्काचा डाग निघत नाही.

जुना वास मुळात कसा होता हे कळायला मोजमाप हवं असेल तर व्हर्सायला ‘ओस्मोतेक’ ही परफ्यूमची संग्रहशाळा आहे, १९९० मध्ये सुरू झालेली. तिथे जुने परफ्यूम अंधारात, १२ अंशांवर, आर्गॉन वायूखाली जपतात आणि लोकांसाठी वास घेण्याचे कार्यक्रमही असतात.

## १०. ठेवणं आणि भारतात आणणं

शत्रू तीन: उजेड, उष्णता, हवा. काचेच्या शोकेसमध्ये दिवा लावून बाटली मांडणं म्हणजे तिला मारणंच. मूळ खोक्यात, कपाटाच्या खालच्या खणात, उभी ठेवा. बुचाभोवती पॅराफिल्मचे दोन वेढे द्या. बाथरूम नको. मुंबई-कोकणात दमटपणाने खोक्याला बुरशी धरते आणि कसर कागद खाते, तेव्हा खोकं हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पावसाळ्यात पुड्या बदलत राहा.

पोस्टाने मागवायचा विचार सोडा. परफ्यूम ज्वलनशील द्रवात मोडतो, हवाई टपालात तो चालत नाही, आणि ‘सौंदर्यप्रसाधन’ असं मोघम लिहून पाठवलेलं पार्सल अडकलं तर दाद मागता येत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या नातेवाइकाबरोबर आणा. हातातल्या सामानात १०० मिलीपर्यंतच्या बाटल्या, त्याही पारदर्शक पिशवीत. चेक-इनच्या सामानात परफ्यूम आणि इतर प्रसाधनं मिळून माणशी दोन लिटरपर्यंत, एक नग अर्ध्या लिटरहून मोठा नको. निघण्याआधी आपल्या विमान कंपनीचा नियम बघून घ्या.

काचेच्या बुचाची उघडलेली बाटली विमानात गळतेच. आतला अर्क ड्रॉपरने फिरकीच्या झाकणाच्या काचेच्या कुपीत काढा, कुपीवर लेबल लावा, रिकामी बाटली वेगळी गुंडाळा आणि बूच तिसरीकडे. पावती हातातल्या पिशवीत ठेवा, बॅगेत नको.